शाकारलेल्या नौकेतलं इंजिन

१ जूनला पश्चिम किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारी बंद होते, ती ३१ जुलैपर्यंत. एकूण ६१ दिवस. त्याआधीचा आठवडा मिरकरवाडा, हर्णै, सातपाटी, वर्सोवा अशा सगळ्या बंदरांत धांदलीचा असतो. जाळी उतरवायची, दोर गुंडाळायचे, बर्फाचे खण धुऊन काढायचे, मोठ्या भरतीचा नेम धरून नौका वर ओढायची किंवा खाडीच्या आडोशाला नांगरायची आणि मग तिला शाकारायचं. पूर्वी हे काम झावळ्यांनी व्हायचं, आता ताडपत्री आणि प्लास्टिकनं होतं. जाळ्याचा फाटका भाग कोणी विणायचा, लाकडाला रंग कधी द्यायचा, हे सगळं ठरलेलं असतं. इंजिनाच्या वाट्याला मात्र बहुतेक नौकांवर एवढंच येतं, की शेवटची फेरी झाली, बंद केलं, वर फळी टाकली.

मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मेस्त्रीला श्वास घ्यायला सवड मिळत नाही. कुणाचं इंजिन फिरतच नाही, कुणाचं फिरतं पण धूर ओकतं, कुणाला ऑइलचा दाब मिळत नाही. हंगामाचे सगळ्यात चांगले दिवस धक्क्यावर उभं राहून जातात. नौका मालकाची अशी समजूत असते, की दोन महिने इंजिन चाललंच नाही, म्हणजे त्याला काही होण्याचं कारण नाही. मला हीच समजूत खोडून काढायची आहे. बंद इंजिनाला घर्षणाचा धोका नसतो हे खरं, पण त्याला पाण्याचा आणि आम्लाचा धोका असतो. वंगण या दोन्हींपासून वाचवतं की नाही, हे आपण नौका शाकारण्याआधी काय केलं यावर ठरतं, उघडल्यावर काय केलं यावर नाही.

चालू इंजिनात ऑइल नेमकं काय करतं, हे कळायला माणसाला बराच काळ लागला. १८८३ साली बीचम टॉवर हे इंग्रज अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. ऑइल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या वरच्या बाजूला एक भोक पाडलं. आस फिरू लागला तसं त्या भोकातून ऑइल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागलं. त्यांनी बूच मारलं, तर बूच वर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. मग दाबमापक लावला, तेव्हा दिसलं, की आस आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा प्रचंड दाब तयार होतो आणि त्या दाबावर आस अक्षरशः तरंगतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याचं गणित मांडलं. फिरणारा दांडा आपल्याबरोबर ऑइल ओढून निमुळत्या फटीत कोंबतो आणि त्यातून हा दाब येतो. आजच्या इंजिनातही क्रँकला उचलून धरणारा दाब पंपाचा नसतो, क्रँक स्वतःच फिरून तो तयार करतो. पंपाचं काम फक्त ऑइल पोचवत राहण्याचं. धातू आणि धातू यांच्यामध्ये राहणारा हा पापुद्रा काही मायक्रॉनचाच असतो, केसाच्या जाडीच्या कितीतरी खाली.

फिरणं थांबलं की हा पापुद्रा संपतो. क्रँक बेअरिंगवर टेकतो, ऑइल ओघळून खालच्या चेंबरमध्ये जाऊन बसतं. पृष्ठभागावर उरतं ते चिकटून राहिलेलं अगदी पातळ अस्तर. बेअरिंगच्या फटीत थोडं ऑइल अडकून राहतं, त्यामुळे दोन महिन्यांचा काळ त्या जागेला तसा सोसतो. खरी उघडी पडते ती लायनरची भिंत, म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन वर-खाली होतो त्याचा आतला भाग. ती उभी असते, त्यामुळे तिच्यावरचं ऑइल खाली उतरतच राहतं. आणि तिच्याकडे हवेला यायला वाट असते.

ही वाट कशी, ते पाहण्यासारखं आहे. चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं, तरी चारही सिलिंडर वेगवेगळ्या टप्प्यावर असतात. एक हवा ओढण्याच्या, एक दाबण्याच्या, एक जळण्याच्या आणि एक धूर फेकण्याच्या. दाबण्याच्या आणि जळण्याच्या टप्प्यावरच्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह साधारण बंद असतात. उरलेल्या दोघांपैकी एकाचा व्हॉल्व्ह एअर फिल्टरच्या बाजूला उघडा राहतो, दुसऱ्याचा सायलेन्सरच्या नळीकडे. त्यामुळे ‘चारात एकच सिलिंडर का गेला’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा इंजिन कुठे थांबलं होतं यात असतं. बाहेरची हवा महिना-दोन महिने त्या एका-दोन सिलिंडरांत ये-जा करत राहिलेली असते.

कोकणातली पावसाळ्यातली हवा साधी दमट नसते, खारी दमट असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की लोखंडाचं गंजणं झपाट्यानं वाढतं. जुलैमध्ये रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर ती दिवसच्या दिवस ८०-९० टक्क्यांत असते. शिवाय समुद्रावरून येणारे मिठाचे कण धातूवर बसले, की ते हवेतलं पाणी स्वतःकडे ओढून घेतात. दिवसा गरम आणि रात्री थोडं गार, या चढउतारात लोखंडाच्या जड ठोकळ्यावर दव धरतं. साधं खनिज ऑइल या पाण्याला पुरतं अडवू शकत नाही. पाण्याला धातूची ओढ ऑइलपेक्षा जास्त असते, त्यामुळे पाणी ऑइलच्या अस्तराखाली शिरून त्याला उचलून बाजूला सारतं. ऑइलमध्ये मुद्दाम मिसळलेली गंजरोधक द्रव्यं असतात ती यासाठीच. त्यांच्या रेणूचं एक टोक धातूला घट्ट धरतं आणि दुसरं ऑइलमध्ये राहतं.

असं गंजलेलं इंजिन उघडलं की आतली खूण चुकत नाही. हेड काढलं, लायनर कापडानं पुसला, की त्याच्या चकचकीत भिंतीवर एका विशिष्ट उंचीवर तपकिरी कडी दिसते, कधी दोन-तीन बारीक कड्या एकाखाली एक. पिस्टनच्या रिंगा जिथे दोन महिने टेकून उभ्या होत्या, नेमक्या तिथे. रिंग आणि भिंत यांच्या बारीक फटीत पाणी धरून राहतं म्हणून. बाकी भिंतीवर तिरक्या रेघांची बारीक जाळी असते. लायनर घासताना ती मुद्दाम ठेवतात, कारण ऑइल त्या रेघांतच टिकतं. गंजाची कडी ही जाळी खाऊन टाकते. बोट फिरवलं तर तिथे खरखर लागते. हंगामभर पिस्टन मिनिटाला हजारांहून जास्त वेळा त्या खरखरीवरून जाणार असतो. रिंगा झिजतात, दाब गळतो, ऑइल जळायला लागतं आणि दिवाळीच्या आसपास मालक म्हणतो, इंजिन ऑइल प्यायला लागलं. त्याची सुरुवात जुलैत झालेली असते.

आता आम्लाचं. एक लिटर डिझेल जळलं, की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, कारण डिझेलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो. यातलं जवळपास सगळं पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडे वायू रिंगांच्या कडेनं खाली चेंबरमध्ये शिरतात. त्यांच्याबरोबर काजळी, गंधकाची संयुगं, अर्धवट जळलेलं डिझेल असं सगळं ऑइलमध्ये उतरतं. गंधक आणि पाणी मिळून आम्ल होतं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधक दहा लाखांत दहा भाग इतकंच असतं, म्हणून पूर्वीच्या मानानं हा त्रास खूप कमी झाला. पण उष्णतेनं ऑइल स्वतःच विटतं आणि त्यातून सौम्य सेंद्रिय आम्लं तयार होतात, ती गंधकाशिवायही होतातच. ही आम्लं बेअरिंगमधल्या शिशासारख्या मऊ धातूला पोखरतात. नव्या ऑइलमध्ये आम्ल मारणारी अल्कधर्मी द्रव्यं भरपूर असतात. हंगामभर वापरलेल्या ऑइलमध्ये ती खर्ची पडलेली असतात. असं काळं, थकलेलं ऑइल चेंबरमध्ये ठेवून नौका शाकारणं म्हणजे बेअरिंगवर आणि भिंतीवर दोन महिने सौम्य आम्लाचा लेप ठेवणं.

म्हणून पहिलं काम: ऑइल नौका शाकारण्याआधी बदलायचं. यावर बहुतेक मालकांचा आक्षेप असतो, ‘ऑगस्टमध्ये नवं टाकायचंच आहे, मग आता पंधरा-वीस लिटर कशाला घालवू?’ खर्च दोनदा होतच नाही. मेअखेरीला टाकलेलं ऑइल दोन महिने नुसतं बसून असतं, कामाला लागत नाही. चेंबर झाकलेला असेल आणि ऑगस्टमध्ये त्यात पाणी सापडलं नाही, तर तेच ऑइल पुढच्या हंगामाला चालतं. खर्च तोच, फक्त तारीख अलीकडे येते.

शेवटच्या फेरीवरून आल्यावर, इंजिन पुरतं गरम असतानाच ऑइल काढावं. गरम ऑइल पातळ असतं आणि काजळी त्यात तरंगत असते, ती बरोबर निघून येते. गार झाल्यावर काढलं, तर गाळ तळाशी बसून राहतो. फिल्टरही त्याच वेळी बदलावा, नाहीतर जुन्या फिल्टरमधलं लिटरभर काळं ऑइल नव्यात मिसळतं. नवं ऑइल भरून गरम इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवावं, म्हणजे ते प्रत्येक वाटेत, प्रत्येक बेअरिंगमध्ये पोचेल. मग बंद करायचं. लांब मुदतीसाठी ठेवायच्या इंजिनांकरता गंजरोधक द्रव्यं जास्त असलेली खास ऑइलंही मिळतात. दोन महिन्यांसाठी मात्र उत्पादकानं सांगितलेल्या दर्जाचं ताजं ऑइल पुरेसं आहे, असं माझं मत आहे.

आता ती सवय, जिच्याबद्दल मला सगळ्यात तळमळीनं बोलायचं आहे. ‘मेस्त्री, मी तर दर रविवारी जाऊन पाच मिनिटं सुरू करत होतो, तरी कसं काय जाम झालं?’ ही तक्रार किनाऱ्यावर कुठेही ऐकू येते. तक्रार करणारा माणूस आळशी नसतो. पावसात चिखल तुडवत तो इंजिनाची काळजी घ्यायला गेलेला असतो, म्हणूनच वाईट वाटतं. त्या पाच मिनिटांत काय होतं ते पाहा. गार सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही. न जळलेलं डिझेल भिंतीवरचं ऑइलचं अस्तर धुऊन खाली नेतं. जेवढं जळतं त्यातून पाणी तयार होतं, आणि इंजिन गरम झालेलं नसल्यानं ते पाणी वाफ होऊन जाण्याऐवजी भिंतीवर आणि चेंबरमध्ये साचतं. पाच मिनिटांनी इंजिन बंद केलं, की ते पाणी पुढच्या रविवारपर्यंत तिथेच. आठ रविवार असं केलं, तर आपण आठ वेळा अस्तर धुऊन आठ वेळा पाणी घातलेलं असतं. शिवाय बिनओझ्यानं मंद चालवत राहिल्यानं लायनरवर गुळगुळीत काचेसारखा थर बसतो आणि ऑइल धरणाऱ्या त्या बारीक रेघा बुजतात.

सुरू करायचंच असेल, तर नौका पाण्यात असली पाहिजे, दोर पक्के बांधून गिअर टाकून इंजिनावर ओझं दिलं पाहिजे आणि पाण्याचं तापमान नेहमीच्या पातळीवर आल्यानंतरही अर्धा तास ते चाललं पाहिजे, कारण ऑइल पाण्यापेक्षा सावकाश तापतं. किनाऱ्यावर ओढलेल्या नौकेत हे शक्यच नसतं. समुद्राचं पाणी घेणारा पंप कोरडा फिरला, तर त्यातलं रबरी चाक बघता बघता जळतं. तेव्हा अर्धवट सुरू करण्यापेक्षा अजिबात सुरू न करणं कितीतरी बरं.

हातानं फिरवणं ही वेगळी गोष्ट. डिझेल बंद करणारा स्टॉपचा खटका ओढून ठेवायचा आणि क्रँकच्या पुलीच्या नटावर मोठा पाना लावून, इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं, सावकाश दोन पूर्ण फेरे द्यायचे. दोन अशासाठी, की चार टप्प्यांचं चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं. यानं पंप दाब देत नाही, एवढ्या मंद गतीत देऊच शकत नाही. पण रिंगा जागा सोडतात, भिंतीवर जे ऑइल आहे ते पसरतं. थांबवताना एक लक्षात ठेवावं. पूर्ण फेरा झाला, की पिस्टन पुन्हा त्याच उंचीवर येतात. म्हणून फ्लायव्हीलवर खडूची खूण करून, या वेळी मागच्यापेक्षा पाव फेरा पुढे थांबावं. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. यात मतभेद आहे. सिलिंडरमध्ये गंजरोधक ऑइल फवारून सगळ्या वाटा बंद केल्या असतील, तर फिरवू नये, अस्तर खरवडलं जातं, असं काही जाणकार म्हणतात, आणि अशा इंजिनापुरतं ते बरोबर आहे. आपल्याकडे तसं बंदिस्त इंजिन क्वचित असतं, म्हणून मी फिरवण्याच्या बाजूचा आहे.

सिलिंडरमध्ये थोडं ऑइल घालणं हा त्यापुढचा उपाय. डिझेल फवारणारं नोझल काढून त्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक-दोन चमचे स्वच्छ ऑइल सोडायचं, इंजिन हातानं फिरवायचं, नोझल परत बसवायचं. चमचे म्हणजे चमचेच. ऑइल किंवा पाणी दाबलं जात नाही. पिस्टनच्या वर उरलेल्या चिंचोळ्या जागेपेक्षा ते जास्त झालं आणि वरून सेल्फ मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. याच कारणासाठी सायलेन्सरचं तोंड झाकणं हे ऑइल बदलण्याच्या तोडीचं काम आहे. वर उघडी राहिलेली नळी पावसाचं पाणी थेट उघड्या व्हॉल्व्हपर्यंत नेते. पत्र्याचा डबा उपडा घालून बांधावा, हवा घेण्याचं तोंड प्लास्टिकनं आवळावं, आणि तिथे चिठ्ठी लावावी, म्हणजे ऑगस्टच्या घाईत कुणी तसंच सुरू करणार नाही.

डिझेलच्या पंपातले दट्टे वंगणासाठी डिझेलवरच अवलंबून असतात. ते इतक्या काटेकोर फटीत बसवलेले असतात, की पाण्याचा थेंब आणि थोडा गंज त्यांना धरून ठेवायला पुरतो. त्यामुळे टाकी भरून ठेवावी, म्हणजे दव धरायला रिकामी जागा उरत नाही, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर उतरवून साफ करावा. गिअर बॉक्सचं ऑइलही बदलावं. पंख्याच्या दांड्याच्या नळीत ग्रीस भरावं. समुद्राच्या पाण्याची वाट गोड्या पाण्यानं धुऊन रबरी चाक काढून ठेवावं.

ऑगस्टमध्ये उघडताना आधी डिपस्टिक. ऑइलची पातळी ठेवली होती त्यापेक्षा वर दिसली, तर आनंद मानू नये. आत बहुधा पाणी आलं आहे. ऑइल दुधाळ दिसलं, तर शंकाच नको. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे दोन महिन्यांत ते तळाशी बसलेलं असतं, म्हणून चेंबरचा खालचा बोल्ट हलकेच सैल करून पाहावं, पाणी असेल तर आधी तेच येतं. आणखी एक खात्रीची परीक्षा आहे. लोखंडी पत्रा चांगला तापवायचा आणि त्यावर ऑइलचा एक थेंब टाकायचा. स्वच्छ ऑइल गपगुमान पसरतं, धूर देतं. पाणी असेल तर तडतडतं, बुडबुडे येतात. तोंड दूर ठेवून करावी अशी परीक्षा आहे ही, पण प्रयोगशाळेशिवाय यापेक्षा भरवशाची दुसरी मला माहीत नाही.

मग झाकणं काढायची आणि सेल्फला हात लावण्याआधी पान्यानं दोन फेरे द्यायचे. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल, तर हात अडतो आणि माणूस थांबतो. सेल्फची मोटर थांबत नाही. हात मोकळा फिरला, की स्टॉप ओढून ठेवूनच सेल्फ दहा सेकंद मारायचा, विसावा द्यायचा, पुन्हा मारायचा, दाबमापकाचा काटा हलेपर्यंत. ज्या नौकांत थंड करणारं समुद्राचं पाणी सायलेन्सरमधूनच बाहेर जातं, तिथे या वेळी पाण्याचा कॉक बंद ठेवावा, नाहीतर धूर नसल्यामुळे पाणी बाहेर न जाता उलट सिलिंडरकडे येतं. इंजिन सुरू करण्याआधी तो आठवणीनं उघडावा. काटा हलल्यावर इंजिन सुरू करावं आणि लगेच रेस देऊ नये. टर्बो असेल तर विशेषच. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेऊ शकतो आणि ऑइल तिथे सगळ्यात शेवटी पोचतं.

राहता राहिलं ते काढलेलं जुनं ऑइल. मेअखेरीला एकेका बंदरातून शेकडो लिटर काळं ऑइल निघतं आणि त्यातलं बरंच नौकेच्या तळातल्या पाण्याबरोबर खाडीत जातं. तेही नेमकं पावसाच्या तोंडावर, जेव्हा खाडीत पिल्लं वाढत असतात. बंदी ज्यासाठी आहे, त्याच्याच मुळावर हे येतं. वापरलेलं ऑइल विकत घेऊन शुद्ध करणारे परवानाधारक असतात, त्याला मोल आहे. मच्छीमार सहकारी संस्थांनी मेच्या मध्यापासून धक्क्यावर झाकणाची दोन पिंपं ठेवावीत, एक ऑइलसाठी, एक जुन्या फिल्टरांसाठी, आणि तांडेलांनी खलाशांना आधीच सांगून ठेवावं, की चेंबरचं ऑइल बादलीत आणि बादली पिंपात.